शहराचा कायदा बदलताना शहराचे मत कोण मांडणार? बंगळुरूने पुढे आणलेला प्रश्न

बंगळुरू : कर्नाटक विधिमंडळाने मार्च २०२५ मध्ये ‘ग्रेटर बंगळुरू शासन विधेयक’ मंजूर केले. राज्यपालांच्या संमतीनंतर १५ मे २०२५ रोजी हा कायदा अमलात आला आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी बृहत बंगळुरू महानगर पालिका म्हणजेच ‘बीबीएमपी’ इतिहासजमा झाली. तिच्या जागी मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा पाच महापालिका आल्या. त्यांच्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील ‘ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण’ स्थापन झाले.

देशातील सर्वांत मोठ्या महापालिकांपैकी एकीचे अस्तित्व संपवणाऱ्या या कायद्यावर आमदारांनी चर्चा केली, नागरिक संघटनांनी सूचना दिल्या, राज्यपालांनी खुलासा मागितला आणि प्रकरण न्यायालयातही गेले. मात्र, ज्या संस्थेचे विभाजन होणार होते तिच्या निर्वाचित सभागृहाचे मत या कागदपत्रांत कोठेही नाही. ते असणे शक्यही नव्हते, कारण बंगळुरूच्या शेवटच्या सभागृहाची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजी संपली होती. तेव्हापासून पालिका विसर्जित होईपर्यंत जवळपास पाच वर्षे शहराला नगरसेवक नव्हते. राज्यघटनेने एका सभागृहाला दिलेली मुदतही पाचच वर्षांची आहे.

राज्य सरकार एखाद्या शहराविषयी कायदा करते, तेव्हा त्या शहराच्या सभागृहाला मत मांडण्याचा अधिकार असतो का, त्या मताला कायदेशीर वजन किती आणि सभागृहच नसेल तर काय, हे प्रश्न केवळ बंगळुरूचे नाहीत. २०२२ नंतर सुमारे चार वर्षे प्रशासकांच्या हाती राहिलेल्या मुंबई आणि पुण्यालाही ते तितकेच लागू पडतात.

ठरावाची ताकद आणि मर्यादा

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला कोणत्याही सार्वजनिक विषयावर ठराव करता येतो. प्रस्तावित विधेयकाला पाठिंबा देणे, विरोध करणे अथवा दुरुस्ती सुचवणे हे त्यात येते. असा ठराव नगरविकास विभागाकडे पाठवला जातो. विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले असेल, तर महापालिका समितीपुढे लेखी निवेदन देऊ शकते. महापौर मुख्यमंत्र्यांची भेट घेऊन भूमिका मांडू शकतात. पक्षाच्या नेत्यांमार्फत आमदारांकडे आग्रह धरणे हा चौथा आणि प्रत्यक्षात सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग आहे.

मात्र, यांपैकी कोणत्याही मार्गाने व्यक्त झालेले मत विधिमंडळावर बंधनकारक नसते. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे महापालिकेची रचना, हद्द, अधिकार आणि कर हे सारे राज्याच्या कायद्याने ठरते. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकांना घटनात्मक स्थान दिले, पाच वर्षांची मुदत निश्चित केली आणि बाराव्या परिशिष्टात १८ कामांची यादी दिली. त्या कामांचे अधिकार कितपत द्यायचे, हे मात्र राज्य विधिमंडळांवर सोडले. शहराचा कायदा बदलण्यापूर्वी शहराच्या सभागृहाचे मत मागवावे, अशी तरतूद या दुरुस्तीत नाही.

राज्यांच्या बाबतीत घटनाकारांनी वेगळी व्यवस्था केली होती. अनुच्छेद ३ नुसार एखाद्या राज्याचे क्षेत्र, सीमा किंवा नाव बदलणारे विधेयक संसदेत मांडण्यापूर्वी राष्ट्रपतींनी ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत व्यक्त करण्यासाठी पाठवावे लागते. हे मतही बंधनकारक नाही. ज्या निकालाने ही बाब स्पष्ट झाली तो महाराष्ट्राच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक प्रस्तावित होते. विधिमंडळाचे मत त्यावर घेतले गेले, पण संसदेने प्रत्यक्षात द्विभाषिक मुंबई राज्य स्थापन केले. बदललेल्या प्रस्तावावर पुन्हा मत घ्यायला हवे होते, असे म्हणणारी बाबूलाल पराते यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये फेटाळली. मत मागणे आवश्यक आहे, ते मानणे आवश्यक नाही, अशी भूमिका त्यातून पक्की झाली.

म्हणजे राज्याला किमान विचारले तरी जाते. शहराला कायदा करताना विचारण्याचे घटनात्मक बंधनच नाही.

चार बदल, चारही वेळा सभागृह नाही

बंगळुरूच्या नागरी प्रशासनाचा इतिहास १८६२ पासूनचा आहे. त्या वर्षी जुन्या पेठांच्या शहरासाठी आणि लष्करी छावणीच्या भागासाठी स्वतंत्र नगरपालिका मंडळे स्थापन झाली. १९४९ मध्ये दोन्ही एकत्र करून महापालिका झाली. त्यानंतरचे मोठे बदल गेल्या दोन दशकांतले आहेत आणि त्यांत एक समान धागा दिसतो.

पहिला बदल २००७ मधला. १०० प्रभागांच्या तत्कालीन महापालिकेत सात नगर पालिका, एक लहान नगरपालिका आणि ११० गावे विलीन करून बृहत बंगळुरू महानगर पालिका स्थापन झाली. जुन्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २००६ मध्येच संपली होती. नव्या १९८ प्रभागांसाठी मतदान झाले ते थेट मार्च २०१० मध्ये. शहराचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले, पण त्या वाढीवर ना जुन्या सभागृहाला बोलता आले, ना नव्या.

दुसरा प्रयत्न २०१५ मधला. तत्कालीन राज्य सरकारने पालिकेचे विभाजन करण्याचे ठरवले. १८ एप्रिल २०१५ रोजी, मुदत संपण्यास काही दिवस उरले असताना, अनियमिततेचे कारण देत पालिकेचे सभागृह बरखास्त करण्यात आले. विभाजनाचे विधेयक त्याच महिन्यात विधानसभेत मंजूर झाले. विधान परिषदेत मात्र ते अडले आणि विभाजन प्रत्यक्षात आले नाही. २२ ऑगस्ट २०१५ रोजी अविभाजित पालिकेसाठीच मतदान झाले.

तिसरा बदल २०२० मधला. बंगळुरूसाठी स्वतंत्र कायदा करणारे ‘बीबीएमपी विधेयक’ मार्च २०२० मध्ये मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे सोपवण्यात आले. तेव्हा सभागृह अस्तित्वात होते. मात्र, विधेयक मंजूर झाले डिसेंबरमध्ये, म्हणजे सभागृहाची मुदत संपल्यानंतर तीन महिन्यांनी. महापौरांचा कार्यकाळ एक वर्षावरून ३० महिन्यांवर नेणारा आणि प्रभागसंख्या वाढवण्याची मुभा देणारा हा कायदा जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्या कायद्यानुसार एकदाही निवडणूक झाली नाही. पहिल्या निवडणुकीपूर्वीच तो कायदा रद्द होऊन नवा आला.

चौथा बदल २०२५ चा. त्याचे मूळ २०१४ मध्ये नेमलेल्या, माजी मुख्य सचिव बी. एस. पाटील यांच्या समितीच्या शिफारशींत आहे. वर प्राधिकरण, मध्ये अनेक महापालिका आणि तळाशी प्रभाग अशी त्रिस्तरीय रचना तिने सुचवली होती. त्यावर आधारित विधेयक जुलै २०२४ मध्ये विधानसभेत आले आणि आमदार रिझवान अर्शद यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. दहापर्यंत महापालिकांची मूळ तरतूद समितीच्या छाननीनंतर सातपर्यंत खाली आली. म्हणजे विचारविनिमयातून विधेयक बदलत होते आणि सूचनांना अर्थ होता. तथापि, सूचना करणाऱ्यांत माजी नगरसेवक असू शकत होते, विद्यमान नव्हते.

चारही प्रसंगी सत्तेवर असलेले पक्ष एकच नव्हते. त्यामुळे ही एखाद्या पक्षाची कार्यपद्धती म्हणता येत नाही. शहराच्या रचनेत बदल करायचा असला की निवडणूक लांबते आणि निवडणूक लांबली की बदलावर बोलणारे सभागृह राहत नाही, असे हे चक्र आहे. प्रभागरचना, आरक्षण आणि प्रभागसंख्या या तीन कारणांभोवती ते फिरते. २०२० नंतर बंगळुरूची प्रभागसंख्या १९८ वरून २४३, मग २२५ आणि पाच महापालिका झाल्यावर एकूण ३६९ अशी बदलत गेली.

न्यायालयांनी काय म्हटले?

अनुच्छेद २४३-यू नुसार महापालिकेची निवडणूक मुदत संपण्यापूर्वी आणि बरखास्ती झाली असल्यास सहा महिन्यांच्या आत पूर्ण व्हायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या प्रकरणात ही मुदत पाळणे बंधनकारक असल्याचे सांगितले. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील सुरेश महाजन प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा मांडली. प्रभागरचना किंवा आरक्षणाचे काम अपुरे असणे हे निवडणूक अडवून धरण्याचे कारण होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता.

बंगळुरूबाबत कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये जुन्या १९८ प्रभागांनुसारच निवडणूक घेण्याचा आदेश दिला होता. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाचा हा निकाल होता. राज्य सरकारने त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली. त्यानंतर प्रभागरचनेचे आणि आरक्षणाचे वाद एकामागून एक येत राहिले.

कोणते प्रश्न विचारले गेले असते?

सभागृह असते तर त्याने विभाजनाला विरोधच केला असता, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. पाठिंबाही दिला असता. सातशे चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आणि २०११ च्या जनगणनेनुसार ८४ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराला एक आयुक्त व एक महापौर पुरेसे नाहीत, हा सरकारचा युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. विभाजनामुळे शहराची ओळख विस्कळीत होईल आणि प्राधिकरणामुळे सत्ता राज्याच्या हाती एकवटेल, हा विरोधी पक्षांचा आक्षेपही तितकाच गंभीर आहे. सभागृहाचे महत्त्व या दोहोंच्या पलीकडे, तपशिलाच्या प्रश्नांत असते.

पहिला प्रश्न उत्पन्नाचा. महापालिकेचा मुख्य आधार मालमत्ता कर. माहिती तंत्रज्ञान उद्योगांचा मोठा पट्टा असलेले महादेवपुरा आणि के. आर. पुरम हे दोन विधानसभा मतदारसंघ पूर्व महापालिकेत आले. तिचे प्रभाग ५०, तर पश्चिम महापालिकेचे ११२. मोठ्या कार्यालयांचा कर एका पालिकेकडे आणि दाट वस्तीच्या जुन्या भागाचा खर्च दुसरीकडे अशी विभागणी झाली, तर समतोल कसा राखायचा? जुन्या पालिकेचे कर्ज, ठेकेदारांची देणी आणि निवृत्तिवेतनाचा भार कोणत्या सूत्राने वाटायचा?

दुसरा प्रश्न हद्दी न मानणाऱ्या सेवांचा. बंगळुरूतील तलाव एकमेकांना ‘राजकालुवे’ नावाच्या नाल्यांनी जोडलेले आहेत. शहराच्या मध्यभागात पडलेला पाऊस याच वाटेने बेळ्ळंदूरसारख्या तलावांकडे जातो. वरच्या भागात नाल्यावर अतिक्रमण झाले तर पूर खालच्या भागात येतो. आता वरचा भाग एका महापालिकेत आणि खालचा दुसरीत असेल, तर जबाबदारी कोणाची? कचऱ्याची प्रक्रिया केंद्रे एका हद्दीत आणि कचरा पाचही हद्दींतून येणारा, हाही त्याच जातीचा प्रश्न.

तिसरा प्रश्न माणसांचा. झाडूकाम करणारे पौरकार्मिक, अभियंते, कर निरीक्षक आणि पालिका शाळांतील शिक्षक यांची पाच ठिकाणी वाटणी होताना सेवाज्येष्ठता, बदली आणि वेतनाची हमी कोण देणार?

हे प्रश्न प्रशासनाने विचारात घेतले नसतील असे नाही. फरक इतकाच की, सभागृहात ते उघडपणे विचारले जातात, उत्तरे इतिवृत्तात नोंदली जातात आणि उत्तर देणारा अधिकारी बदलला तरी नोंद राहते.

दिल्लीचा अनुभव

या प्रश्नांचे महत्त्व दिल्लीने अनुभवले आहे. दिल्ली विधानसभेच्या कायद्याने २०१२ मध्ये तेथील महापालिकेचे उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन भाग झाले. दक्षिण दिल्लीत उत्पन्नाची साधने अधिक होती. उत्तर आणि पूर्व महापालिकांना कर्मचाऱ्यांचे पगार देणेही अवघड होऊ लागले. सफाई कामगारांचे संप आणि रस्त्यांवर साचलेला कचरा हे चित्र राजधानीने अनेकदा पाहिले. अखेर संसदेने २०२२ मध्ये कायदा करून तिन्ही महापालिका पुन्हा एक केल्या. क्षेत्राची आणि उत्पन्नाच्या क्षमतेची विषम विभागणी हे त्यामागील एक प्रमुख कारण सांगण्यात आले. दहा वर्षांत एकच शहर दोनदा उलटसुलट दिशेने बदलले. दोन्ही वेळा निर्णय शहराच्या सभागृहाबाहेर झाला, परिणाम मात्र शहरातील नागरिकांनी भोगले.

सभागृहाने बोलण्याची किंमत

सभागृह अस्तित्वात असले आणि त्याने राज्य सरकारला न रुचणारी भूमिका घेतली तर काय होते, याचे कर्नाटकातील सर्वांत ठळक उदाहरण मराठी वाचकांना परिचित आहे. बेळगाव महापालिकेने २००५ मध्ये बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्रात विलीन करण्याची मागणी करणारा ठराव केला. कर्नाटक सरकारने तो रद्द ठरवला. तत्कालीन महापौर विजय मोरे बंगळुरूत आले असता काही कार्यकर्त्यांनी त्यांच्या तोंडाला काळे फासले. त्याच महिन्यात महापालिकाच बरखास्त करण्यात आली. २०११ मध्ये महापौरांनी १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या कार्यक्रमात भाग घेतल्यानंतर पुन्हा एकदा बरखास्तीची कारवाई झाली.

सीमाप्रश्नाची तुलना पालिकेच्या विभाजनाशी करता येणार नाही. महापालिकेने राज्याच्या सीमेविषयी ठराव करावा का, याविषयीही दोन मते आहेत. मात्र कायद्याच्या दृष्टीने हे उदाहरण बोलके आहे. ठराव रद्द करण्याचा आणि सभागृह बरखास्त करण्याचा अधिकार ज्या सरकारकडे आहे, त्याच सरकारच्या विधेयकावर त्या सभागृहाने मत द्यायचे असते.

महाराष्ट्रातील दोन वेगळे दाखले

सभागृहाचे मत अगदीच निष्फळ ठरते असेही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार महापालिकेची हद्द अधिसूचनेने बदलण्यापूर्वी राज्य सरकारने महापालिकेशी विचारविनिमय करणे आवश्यक आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेत २०१५ मध्ये समाविष्ट केलेल्या २७ गावांपैकी १८ गावे वगळण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. महापालिकेशी कायद्याला अपेक्षित असलेला विचारविनिमय झाला नव्हता, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. कायद्याने विचारण्याचे बंधन घातले की न्यायालय त्याची अंमलबजावणी करून घेऊ शकते, हे यातून दिसते. मात्र, हे बंधन सरकारच्या अधिसूचनेपुरते आहे. विधिमंडळ स्वतः नवा कायदा करते तेव्हा ते लागू होत नाही.

दुसरा दाखला मुंबईचा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट द्यावी, असा ठराव मुंबई महापालिकेच्या सभागृहाने २०१७ मध्ये केला. त्यासाठी राज्याच्या कायद्यात दुरुस्ती आवश्यक होती. २०१९ मध्ये राज्य सरकारने करातील केवळ ‘सर्वसाधारण कर’ हा घटक माफ केला. संपूर्ण सूट देण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. निर्वाचित सभागृहाने भूमिका घ्यावी, ती वर्षानुवर्षे लावून धरावी आणि अखेर विधिमंडळाने कायदा बदलावा, अशी ही वाट लांबची असली तरी अस्तित्वात आहे. अर्थात, त्या पाच वर्षांत महापालिका आणि राज्य या दोन्ही ठिकाणच्या सत्तेच्या समीकरणांचाही त्यात वाटा होता.

त्याच मुंबईत नगरसेवकांची संख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७ अशी राज्य पातळीवर बदलली. त्यांपैकी दुसरा बदल झाला ऑगस्ट २०२२ मध्ये. तेव्हा सभागृहाची मुदत संपून पाच महिने झाले होते. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत मुंबईचा कारभार प्रशासकांकडे होता.

अन्य देशांत काय घडते?

अमेरिकेत शहरांच्या परिषदांनी राज्याच्या प्रस्तावित विधेयकांवर जाहीर भूमिका घेणे ही नित्याची बाब आहे. कॅलिफोर्नियातील अनेक शहरे दरवर्षी कोणत्या प्रकारच्या विधेयकांना पाठिंबा किंवा विरोध करायचा याचा आराखडा परिषदेत मंजूर करतात आणि त्यानुसार राज्य विधिमंडळाला पत्रे पाठवतात. ही मते सल्ल्यापुरतीच असतात. न्यूयॉर्क राज्याची घटना एक पाऊल पुढे जाते. केवळ एखाद्या विशिष्ट शहराला लागू होणारा कायदा त्या शहराच्या कारभारात बदल करणार असेल, तर सामान्यतः त्या शहराच्या परिषदेकडून तशी विनंती यावी लागते. संपूर्ण राज्याच्या हिताचा विषय असल्यास न्यायालयांनी त्याला अपवाद मान्य केले आहेत. तरीही एकाच शहरासाठी कायदा करताना त्या शहराला विचारावे, हे तत्त्व तेथे लिखित आहे. ग्रेटर बंगळुरूचा कायदाही एकाच शहरासाठीचा आहे.

आमदार शहराचे प्रतिनिधी नाहीत का?

यावर एक सबळ प्रतिवाद केला जातो. बंगळुरू शहर जिल्ह्यातून २८ आमदार निवडून जातात. २२४ सदस्यांच्या विधानसभेत हा आठवा हिस्सा आहे. शहरातील मतदारांनीच त्यांना निवडले असताना शहराचे मत विधिमंडळात पोहोचले नाही असे कसे म्हणता येईल? शिवाय बंगळुरूत आमदार-खासदारांना महापौर निवडणुकीत मतदानाचा अधिकारही राहिला आहे. २०१५ मध्ये भाजपने १९८ पैकी १०० जागा जिंकूनही आमदार-खासदारांच्या मतांच्या बळावर काँग्रेस आणि धर्मनिरपेक्ष जनता दलाने महापौरपद मिळवले होते.

मात्र याच उदाहरणातून प्रतिवादाची मर्यादाही दिसते. नगरसेवकांचे बहुमत एका बाजूला आणि आमदार-खासदारांसह झालेले बहुमत दुसऱ्या बाजूला असू शकते. आमदाराचे मत पक्षादेशाने बांधलेले असते आणि विधेयकावर राज्यभरातील २२४ सदस्य मतदान करतात. प्रभागातील नाला, पथदिवे आणि कर आकारणीचा जाब ज्याला रोज द्यावा लागतो, त्याचे आणि आमदाराचे हितसंबंध नेहमी एक नसतात. महापालिका दुबळी राहिली की स्थानिक कामांवर आमदारांचा प्रभाव वाढतो, हा आक्षेप तर सर्वच पक्षांतील माजी नगरसेवक घेत आले आहेत.

यापुढे काय?

७४ व्या घटनादुरुस्तीचा भंग होत असल्याच्या टीकेनंतर कर्नाटक सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. महापालिकांच्या घटनादत्त कामकाजात प्राधिकरण हस्तक्षेप करणार नाही, असे त्यातून स्पष्ट करण्याचा प्रयत्न झाला. ही दुरुस्ती झाली तेव्हाही शहरात सभागृह नव्हते. पाच महापालिका स्थापन झाल्या, त्या दिवशी पाचही ठिकाणी कारभार प्रशासकाकडेच होता.

नव्या रचनेत पाचही महापौर प्राधिकरणाचे सदस्य असतील. शहराचे नियोजन, पाणीपुरवठा, बस, मेट्रो आणि वीज या सेवांचे प्रमुख त्याच टेबलाभोवती बसतील. यांपैकी बहुतेक संस्था आजवर महापालिकेला उत्तरदायी नव्हत्या. त्या दृष्टीने महापौरांना पूर्वी नसलेले एक व्यासपीठ मिळते. मात्र अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री आणि उपाध्यक्षपदी बंगळुरू विकासमंत्री असताना पाच महापौरांचा आवाज किती पोहोचेल, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत नाही.

कायदा कितीही विचारपूर्वक केलेला असला, तरी तो राबवताना त्रुटी दिसतात आणि दुरुस्ती विधेयके येतात. महसुलाचे सूत्र, हद्दीवरील नाले, कर्मचाऱ्यांची वाटणी हे विषय पुन्हा विधिमंडळापुढे जाणारच आहेत. त्या वेळी पाच सभागृहे अस्तित्वात असली, त्यांनी विधेयकाचा मसुदा चर्चेला घेतला आणि आपले मत ठरावाद्वारे नोंदवले, तर २००७ पासून चार वेळा जे घडले नाही ते प्रथमच घडेल. त्या ठरावांना कायदेशीर वजन द्यायचे का, हा पुढचा प्रश्न आहे. विचारविनिमयाची अट हद्दीच्या अधिसूचनेपुरती न ठेवता शहराच्या मूळ कायद्यातील बदलांनाही लागू करणे आणि सभागृह अस्तित्वात नसताना असे बदल पुढे ढकलणे, हे दोन मार्ग विधिमंडळांना खुले आहेत. त्यासाठी घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. राज्याचा कायदा पुरेसा आहे.